मागे नुसती सीट असते

हो, आवाज इकडूनच येतोय. जुन्या गाड्यांच्या या आवारात, पत्र्याच्या भिंतीला लागून, शेवटच्या रांगेत जी वांगी रंगाची लांबडी गाडी उभी आहे ना, ती मी. जरा जवळ या. मोठ्याने बोलणं आता होत नाही माझ्याच्याने.

इथे रोज माणसं येतात. पुढच्या रांगेतल्या गाड्या बघतात, चाकाला लाथ मारतात, दार उघडून धाडकन लावतात आणि त्या आवाजावरून सगळं कळल्यासारखी मान डोलावतात. काय कळतं ते त्यांनाच ठाऊक. मग पुढे बसतात, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतात आणि आरशात बघतात. आरसा मागचं दिसायला लावलेला असतो. हे त्यात स्वतःचे केस बघतात. इतकी वर्षं पाहतेय, यात काडीचा फरक पडलेला नाही.

माझ्यापर्यंत सहसा कोणी येत नाही. आलंच तर "ही कुठली बाबा?" म्हणून पुढे जातं. त्याचं आता वाईटही वाटत नाही. वाईट वाटायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती सांगते आणि गप्प बसते.

मी कारखान्यात जन्मले तेव्हा माझ्या पुढे-मागे सगळ्या पांढऱ्या नाहीतर करड्या गाड्या होत्या. माझा रंग मात्र एका वकीलसाहेबांनी मुद्दाम मागवून घेतला होता. बायकोच्या शालीचा एक तुकडा त्यांनी नमुना म्हणून पाठवला होता. रंग लावणारा तो तुकडा हातात धरून म्हणाला होता, ही गाडी पुढे विकताना नाकी नऊ येणार आहेत. त्याचं म्हणणं खरं ठरलं.

वकीलसाहेब देहाने भरभक्कम. स्वतः गाडी चालवायचे नाहीत. ड्रायव्हर पुढे, साहेब मागे, डाव्या कोपऱ्यात. रोज तोच कोपरा. कोर्टात जाताना मांडीवर कागदांची बॅग घेऊन काहीतरी पुटपुटायचे आणि येताना घोरायचे. माणूस मायाळू होता, पण जड होता. वर्षानुवर्षं एकाच जागी तो भार पेलून माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगा दबल्या आणि पाठीकडची एक आडवी पट्टी वर आली. साहेबांना ते कधी जाणवलं नाही. जाणवणार कसं, तो खड्डा त्यांच्याच मापाचा होता.

पुढे साहेब गेले. मी बराच काळ गॅरेजमध्ये कापडाखाली उभी होते. शेवटी त्यांच्या मुलाने मला या आवारात आणून दलालाच्या हवाली केलं.

दलालाला वाईट म्हणणार नाही मी. तोंडात काडी धरून दिवसभर उन्हात उभा असतो, त्याचंही पोट आहे. त्याने मला धुतलं, पुसलं, घासून चमकवलं. मागच्या सीटवर हात दाबून बघितला, "अरेच्चा" म्हणाला, खड्ड्यात फोमचा एक तुकडा कोंबला आणि वरून क्रीम रंगाचं नवं कव्हर ताणून बसवलं. बघायला एकदम झकास. दोन दिवस कोणी बसलं असतं तर पुन्हा तळ लागला असता. पण बसतो कोण? त्याने इतक्या गाड्या विकल्या होत्या, त्याला माहीत होतं की गिऱ्हाईक पुढे बसतं.

एका सकाळी एक कुटुंब आलं. गृहस्थ, त्यांची बायको आणि शाळेतली लेक. गृहस्थांचा खुर्च्यांचा कारखाना होता. सभागृहं, दवाखाने, नाट्यगृहं, असल्या ठिकाणी लागतात त्या खुर्च्या. त्यांना सगळे खुर्चीवालेच म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. बायकोला कारखान्यातले कारागीर वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणत आले.

त्यांना गाडी कशाला हवी होती ते वहिनींनीच दलालाला सांगितलं. कारखाना शहराबाहेर. मोठी गिऱ्हाइकं रेल्वेने येणार, त्यांना स्टेशनवरून आणायचं, खुर्च्या दाखवायच्या आणि परत सोडायचं. तोवर हे काम माल पोचवायच्या टेम्पोतून चालायचं. मागच्याच महिन्यात एका कॉलेजचे चेअरमन टेम्पोतून उतरले ते पँटला पॉलिश लावून. रागावले नाहीत, हसून निरोप घेतला आणि खुर्च्या दुसरीकडून घेतल्या. तेव्हापासून वहिनींनी टुमणं लावलं होतं, पाहुण्यांना बसवायला चारचौघांत शोभेल अशी गाडी हवी. नवी झेपणारी नव्हती. मग जुनी, पण उठून दिसणारी.

दलालाने आधी पांढऱ्या गाड्या दाखवल्या. खुर्चीवाल्यांनी मान हलवली. स्टेशनबाहेर सगळ्याच गाड्या पांढऱ्या, पाहुणा बिचारा कुठली म्हणून शोधणार? एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा उजळला. "वांगी रंगाची गाडी एवढंच सांगितलं तरी बास," ते म्हणाले. लेक म्हणाली, "बाबा, खरंच वांग्यासारखी आहे." देठ तेवढं नाही, असंही म्हणाली. मला राग आला नाही. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे बघून हसत होतं.

खुर्चीवाले पुढे बसले. डॅशबोर्डवरच्या लाकडी पट्टीवरून हात फिरवला, लाकूड ओळखलं, खूश झाले. दार लावून आवाज ऐकला. आरशात केस बघितले. वहिनी बाहेर पर्स धरून उभ्या होत्या. त्यांनी आपण होऊन मागचं दार उघडलं, एक पाय आतही टाकला. तेवढ्यात खुर्चीवाल्यांनी त्यांना पुढे बोलावलं, ही लाकडी पट्टी बघ म्हणून.

"थांबा हो, मागे बसून बघते," वहिनी म्हणाल्या.

"अगं, मागे काय बघायचंय? मागे नुसती सीट असते."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बसायच्या जागेशिवाय दुसरं काही बनवलं नाही, त्याने हे म्हणावं. मी तेव्हा दुर्लक्ष केलं. विकली जाण्याच्या आनंदात होते. वहिनींनी पाय बाहेर घेतला आणि पुढे जाऊन लाकडी पट्टी बघितली.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. रोज सकाळी लेक मला पुसायची. कारागीर मला "वांगं" म्हणायचे आणि टेम्पोवाला माझ्यापासून चार हात लांब टेम्पो उभा करायचा. पाहुणे स्टेशनातून बाहेर येऊन मला लांबूनच ओळखत. खुर्चीवाले घाईघाईने उतरून मागचं डावं दार उघडत. मानाची जागा म्हणून डावा कोपरा. वकीलसाहेबांचा कोपरा.

स्टेशन ते कारखाना रस्ता लांबचा आणि अर्धा खराब. दलालाचा फोम दोन फेऱ्यांतच बसला. मग मागे बसलेला माणूस आधी थोडा सरकायचा, मग एका मांडीवर भार टाकायचा, मग दाराला टेकायचा. ती पट्टी बरोबर कमरेच्या वर लागायची. बोलायचं कोणी नाही. पाहुणा म्हणून आलेला माणूस यजमानाच्या गाडीला नावं कशी ठेवणार? उतरताना एक हात कमरेवर जायचा, तेवढंच. खुर्चीवाले तोवर पुढे जाऊन शटर वर करत असायचे.

आणि अशी अवघडलेली माणसं जाऊन खुर्च्यांवर बसून बघायची.

मी शटरसमोर उभी असायचे, आतलं सगळं मला दिसायचं. खुर्चीवाल्यांची मूळची खुर्ची साधी होती. ताठ पाठ, लाकडी हात, खाली बेताचं मऊ. तिच्यावर बसलं की माणूस आपण बसलोय हेच विसरायचा. धंदा सुरू केला तेव्हा त्यांनी ती पहिली वहिनींसाठी बनवली होती आणि वहिनी अजून ऑफिसात तिच्यावरच बसून फोन घ्यायच्या. पण माझ्यातून उतरलेला माणूस त्या खुर्चीवर बसला की चुळबुळ करायचा. एका नाट्यगृहाचे मॅनेजर म्हणाले, पाठीला कुठेतरी लागतंय. खुर्चीवाल्यांनी पाठ मऊ केली. पुढचे पाहुणे म्हणाले, कंबर अवघडते. त्यांनी कमरेला फुगवटा दिला. त्याच्या पुढच्याने मांडी आखडते म्हटलं, तर सीट तिरकी केली. माणूस मेहनती. कोणी काही म्हटलं की मनावर घ्यायचा आणि रात्रंदिवस खपून खुर्ची बदलायचा.

असं करता करता चांगल्या खुर्चीची पार गादी होऊन बसली. एक म्हातारा कारागीर तिच्याकडे बघून म्हणाला, आता पांघरूण तेवढं द्यायचं राहिलंय. सगळे हसले. खुर्चीवालेही हसले, पण त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत.

मला सगळं कळत होतं. दुखणं माझं, आणि औषध चाललं होतं खुर्चीला. पण मी काय करणार? मला हॉर्न आहे, तोंड नाही. तोही दुसऱ्याने दाबला तर वाजतो.

परतीच्या वाटेवर पाहुणे माझं कौतुक करायचे. "गाडी मात्र छान आहे हो तुमची," असं कोणी म्हटलं की मी समजायचे, काम गेलं. ज्याला काम द्यायचंय तो खुर्च्यांचं बोलतो, भाव पाडतो, कटकट करतो. द्यायचं नसलं की माणूस गोड होतो आणि गाडीचं बोलतो. खुर्चीवाल्यांना हे कधी उमगलं नाही. ते घरी जाऊन आनंदाने सांगायचे, त्यांना आपली गाडी फार आवडली.

घरच्यांत मागे बसायच्या त्या वहिनी. खुर्चीवाल्यांची आई पाय आखडतात म्हणून पुढे बसायची. बाहेर कुठे जायचं झालं की वहिनी मागे, डाव्या कोपऱ्यात, उजवीकडे लेक आणि सामान. पहिल्याच वर्षी एकदा त्या म्हणाल्या होत्या, "अहो, ही मागची सीट खोल गेलीय." खुर्चीवाले गाडी वळवत होते. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं म्हणाले आणि वळण घेतलं. पुढच्या वेळी येताना वहिनींनी घरून एक उशी आणली. फुलाफुलांची, धुऊन धुऊन विटलेली. ती कमरेमागे घेऊन त्या बसू लागल्या. पुन्हा काही बोलल्या नाहीत.

आणि गंमत अशी की पाहुणे येणार असले की खुर्चीवाले ती उशी उचलून डिकीत टाकायचे. पाहुण्यांसमोर असली विटकी उशी बरी दिसत नाही म्हणून. एवढा एकच इलाज होता माझ्यावर, तो ते स्वतःच्या हाताने काढून ठेवत होते.

वर्षं गेली. आजी गेली. लेक मोठी झाली, शिकली आणि कारखान्यातच कामाला लागली. माझ्या इंजिनाला धाप लागायला लागली, चढावर मी कण्हू लागले. वहिनींची कंबर कायमची धरली. त्या आता पुढे बसत, तरी उतरताना दाराचा आधार घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, कामाची बैठक चुकीची असेल. खुर्चीवाले चिडले. "जगातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसते ती," असं म्हणाले. ते चूक नव्हतंच.

कारखान्यात अर्धे कारागीर दुपारनंतर नुसते बसून असायचे. अशात एका मोठ्या हॉस्पिटलची चौकशी आली. आजारी माणसांचे नातेवाईक जिथे ताटकळत बसतात त्या सगळ्या दालनांत नव्या खुर्च्या घालायच्या होत्या. खुर्चीवाल्यांनी वहिनींना गाडीतच सांगितलं. समोर बघून, हळू आवाजात. हे काम आलं तर कारखाना राहील, नाहीतर शटर कायमचं खाली. कारागिरांना काय सांगायचं ते मला सुचत नाही, असंही म्हणाले. वहिनी म्हणाल्या, येईल काम. त्यांच्या आवाजात तशी खात्री नव्हती, पण त्या म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या मॅडम यायच्या त्या सकाळी घरात गडबड होती. वहिनींची कंबर रात्रीपासून दुखत होती. लेक त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. गाडी लेकीने चालवली आणि वहिनी मागे थोड्या कलून बसल्या, पाठीशी उशी घेऊन. त्यांना घरी सोडून लेकीने मला स्टेशनवर आणलं तेव्हा रेल्वे येऊन थांबली होती. खुर्चीवाले रिक्षाने आधीच येऊन उभे होते. मॅडम बाहेर आल्यासुद्धा. उशी काढायला वेळच मिळाला नाही.

मॅडम वयाने मोठ्या, केस पांढरे, बोलणं मोजकं. डाव्या कोपऱ्यात बसल्या, उशी बघितली, उचलली आणि सवयीने कमरेमागे सरकवून टेकल्या. खुर्चीवाले पुढून ओशाळून म्हणाले, घरच्यांची आहे, चुकून राहिली. मॅडम म्हणाल्या, राहू द्या.

त्या कारखान्यात उतरल्या ते हात कमरेवर न नेता. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हे बघत होते. खुर्चीवाल्यांनी त्यांना नवी गादीसारखी खुर्ची दाखवली. त्या बसल्या आणि लगेच उठल्या. मग कागद बघायला ऑफिसात गेल्या आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून वहिनींच्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ बसल्या. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली आणि ही का नाही दाखवली म्हणून विचारलं. खुर्चीवाले म्हणाले, ती जुनी आहे, तिच्या पाठीबद्दल फार तक्रारी आल्या. मॅडमना याचं नवल वाटलेलं दिसलं.

निघताना खुर्चीवाल्यांनी माझं दार उघडलं, उशी उचलली आणि माफी मागत डिकीत टाकली. मी मनात हात टेकले.

अर्ध्या वाटेवर, खराब रस्ता संपता संपता, मॅडम म्हणाल्या, "जरा बाजूला घेता का गाडी?"

लेकीने गाडी थांबवली. खुर्चीवाले घाबरून मागे वळले. त्यांना वाटलं मॅडमना बरं वाटत नाहीये. मॅडम हळूच उतरल्या, एक हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या आणि दार उघडंच ठेवलं.

"तुम्ही इथे कधी बसलायत?"

"मागे?" खुर्चीवाल्यांना प्रश्नच कळेना. "नाही. म्हणजे, मी पुढेच असतो."

"बसून बघा."

ते येऊन बसले. वकीलसाहेबांच्या खड्ड्यात, कमरेला ती पट्टी. मी त्यांचा भार पहिल्यांदा मागे घेतला. दिसत होते त्यापेक्षा हलके होते. लेक पुढून आरशात बघत होती आणि या वेळी आरशात मागचंच बघत होती. खुर्चीवाल्यांनी एकदा बूड हलवलं, मग पाठ टेकवली, मग हात मागे नेऊन कमरेशी चाचपलं. हात तिथेच राहिला. त्यांच्या हातांना खुर्चीतलं सगळं कळायचं. आता जे कळत होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर यायला लागलं. नाट्यगृहाचे मॅनेजर, सभागृहवाले, दवाखानेवाले, ते सगळे कमरेवर हात ठेवून उतरणारे पाहुणे. मऊ केलेली पाठ, फुगवटा, तिरकी सीट. आणि विटकी उशी.

"येताना उशी होती," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तुमची ऑफिसातली खुर्ची मला चांगली वाटली. आत्ता तीच खुर्ची समोर ठेवलीत, तर मी नको म्हणेन." मग म्हणाल्या, "ती खुर्ची हॉस्पिटलला पाठवा. तिथे बसून बघते. अजून मी काही ठरवलेलं नाही."

स्टेशनवर उतरताना त्यांनी माझं कौतुक केलं नाही. खुर्चीवाल्यांच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

घरी आल्यावर लेक किल्ली घेऊन आत गेली. खुर्चीवाले परत मागे जाऊन बसले, दार उघडं ठेवून. ऊन उतरत आलं तरी बसून होते. शेवटी वहिनी बाहेर आल्या, भिंतीला धरत धरत.

"अहो, असं काय बसलात?"

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं होतं. एकदा."

"एकदाच?"

वहिनी दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना फार वेळ उभं राहवत नव्हतं आणि बसायला जागा तीच होती.

"तुम्ही खुर्च्या बनवता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला किती वेळा सांगायचं?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. खुर्चीवाल्यांनी मान खाली घातली आणि रडले. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, खांदे हलवत. वहिनींनी हात पुढे करून त्यांच्या पाठीवर ठेवला. मग त्या उजवीकडून येऊन शेजारी बसल्या आणि दोघंही तसेच बसून राहिले. मला वाटलं, एवढ्या वर्षांत काही पेललं असेल तर हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी मागची सीट काढून कारखान्यात नेली. दलालाचं कव्हर फाडलं, फोमचा चपटा झालेला तुकडा निघाला, खालून वकीलसाहेबांचा खड्डा निघाला. कारागिरांना त्यांनी हात लावू दिला नाही. स्प्रिंगा स्वतः बांधल्या, पट्ट्या ताणल्या, भर घातली. आणि दर थोड्या वेळाने वहिनींना बसवायचे.

"इथे?"

"वर थोडं."

"आता?"

"आता बरं आहे."

"बरं नको. नीट सांग."

तेव्हा वहिनी नीट सांगायला लागल्या. कुठे टोचतं, कुठे पोकळ वाटतं, किती वेळाने दुखायला लागतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते दिवसभर सांगत राहिल्या. खुर्चीवाले ऐकत होते आणि हाताने करत होते. लेक बाजूला उभी राहून बघत होती, नंतर पाण्याचा ग्लास आणायचं निमित्त करून बाहेर आली आणि माझ्या बॉनेटला टेकून डोळे पुसले.

हॉस्पिटलचं काम आलं. मॅडमनी कळवलं, ऑफिसातल्या खुर्चीसारख्या हव्यात, हुबेहूब, गादी नको. शटर वरच राहिलं. दुपारनंतर बसून असणारे कारागीर पुन्हा कामाला लागले आणि मला वांगं म्हणू लागले.

पण तोवर माझ्यात काही राहिलं नव्हतं. सीट सगळ्यात सुंदर आणि इंजिन संपलेलं, अशी माझी गत. मेकॅनिकने हात झटकले. पाहुण्यांना वाटेत उतरवून ढकलायला लावायची वेळ आली, तेव्हा दुसरी गाडी बघायचं ठरलं.

शेवटची फेरी इथवरचीच झाली. लेक चालवत होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. वहिनी मागे डाव्या कोपऱ्यात बसल्या होत्या आणि खुर्चीवाले त्यांच्या शेजारी. चढावर मी फार कण्हले, पण मागे दोघंही निवांत होते. वहिनींना तर डुलकी लागली.

दलाल तोच, काडी तीच, केस तेवढे पांढरे. त्याने मला ओळखलं आणि हसून एका रुपेरी गाडीचं पुढचं दार उघडलं. खुर्चीवाले तिकडे गेलेच नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं, बाजूला झाले आणि वहिनींना म्हणाले, "तू बस आधी."

वहिनी बसल्या. दलाल तोंडातली काडी काढून बघत राहिला. त्या उठल्या, ही नको म्हणाल्या. दुसरीत बसल्या, तिसरीत बसल्या. कुठे खोल, कुठे आखूड, कुठे पाठ उलटी. त्या सगळ्या रांगा फिरल्या, आणि घाई करायची नाही असं खुर्चीवाल्यांनी दलालाला दोनदा बजावलं. शेवटी दमून वहिनी माझ्याच मागच्या सीटवर येऊन टेकल्या आणि हीच बरी आहे म्हणाल्या.

मग व्हायचं तेच झालं. त्यांनी एक निळी गाडी घेतली, इंजिन चांगलं बघून, आणि तिची मागची सीट काढून टाकली. माझ्यातली काढून तिच्यात बसवली. दोन्ही बाजूंनी थोडी कापावी लागली. खुर्चीवाले गुडघे टेकून काम करत होते आणि लेक बोल्ट धरून उभी होती. दलाल म्हणाला, अहो, सीट काढलीत तर या जुन्या गाडीला कोण विचारणार? खुर्चीवाल्यांनी लेकीकडून पुढचा बोल्ट घेतला.

तेव्हापासून मी इथे आहे. मागे नुसता पत्रा. वाऱ्याने पानं येऊन पडतात तिथे. वकीलसाहेबांचा भार गेला, पाहुण्यांचा गेला, वहिनींचाही गेला. हलकं वाटायला हवं, तसं काही वाटत नाही. थकवा मात्र जात नाही.

तुम्ही गाडी घ्यायला आलायत ना? घ्या. मला नका घेऊ, माझ्यात बसायला जागा नाही. पुढच्या रांगेतली कुठलीही घ्या. रंग बघा, दार आपटा, आरशात केसही बघा, मी हसणार नाही. फक्त तुमच्याबरोबर ज्या आल्या आहेत, मघापासून बाहेर पर्स धरून उभ्या आहेत, त्यांना आधी मागे बसू द्या. आणि त्या काय म्हणतात ते पहिल्याच वेळी ऐका.

जायच्या आधी एकदा आत डोकावून बघा. पत्र्यावर, डाव्या कोपऱ्यात, एक फुलाफुलांची विटकी उशी दिसेल. निळी गाडी निघाली तेव्हा वहिनी उतरून परत आल्या आणि ती इथे ठेवून गेल्या. लेक म्हणाली, आई, उशी राहिली. वहिनी म्हणाल्या, "असू दे. तिला लागेल."